आयटीचं बजेट ओव्हरहॉलिंगच्या यादीत टाका

पत्र आलंय सोलापूर जिल्ह्यातून, थोडं कमी करून देतोय.

"सर नमस्कार, मी एका सहकारी साखर कारखान्यात संगणक विभागप्रमुख आहे. रोजचं गाळप साडेसात हजार टन, डिस्टिलरी आणि कोजन (उसाच्या चोथ्यावर वीज) पण आहे. आधी ११ वर्षं पुण्यात आयटी कंपनीत होतो, वडिलांच्या आजारपणामुळे गावाकडे आलो, दोन वर्षं झाली. यंदा मी तीन वर्षांचा आयटी रोडमॅप करून दिला, क्लाउड, ईआरपी (सगळ्या खात्यांचं एकत्र सॉफ्टवेअर) अपग्रेड, नेटवर्क, सिक्युरिटी, डॅशबोर्ड सगळं धरून १ कोटी ४० लाख मागितले. एमडी साहेबांनी दहा मिनिटात ५५ लाखावर आणलं आणि म्हणाले, ह्यातनं उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) वाढणार आहे का? त्याच मीटिंगमधे मिलच्या कामाला कितीतरी जास्त पैसे एका शब्दात मंजूर झाले. सभासदांसाठी ॲप केलं, ते कोणी उघडत नाही. चेअरमन साहेब आता म्हणतात एआय आणा. हंगामाच्या नियोजनाच्या मीटिंगला मला बोलावत नाहीत, निर्णय झाल्यावर फोन येतो की आठ दिवसात सॉफ्टवेअरमधे हे करून द्या. आयटी आणि धंद्याचं नियोजन जुळलं पाहिजे असं सगळीकडे वाचतो, पण म्हणजे नक्की करायचं काय? का सरळ पुण्याला परत जाऊ?"

नमस्कार,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी २६ वर्षं साखर कारखान्यांच्या ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात काढली, फॉक्सप्रो ह्या जुन्या सॉफ्टवेअरवर ऊस बिलं काढायचो तेव्हापासून, त्यामुळे तुम्ही कुठल्या खोलीत बसून हे लिहिलंय ते मला दिसतंय, वजनकाट्याच्या मागची ती खोली, एसी फक्त सर्व्हरसाठी. तुम्हाला वाईट वाटलंय ते बरोबर आहे, पण तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य तुमचं नाहीये, एमडी साहेबांचं आहे. ह्यातनं उतारा वाढणार आहे का. तुम्हाला तो टोमणा वाटला, मला तो प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर तुम्ही दिलं असतं तर ५५ लाखाचे १ कोटी ४० लाख झाले असते की नाही माहीत नाही पण ती मीटिंग दहा मिनिटात संपली नसती एवढं नक्की.

आधी हिशोब करू. रोज ७,५०० टन आणि १३० दिवस हंगाम धरला तर पावणेदहा लाख टन गाळप. उतारा ०.१ टक्क्यानं वाढला तर ९७५ टन साखर जास्त निघते. २०१९ मधे ठरलेल्या ३१ रुपये किलो ह्या किमान विक्री दरानं धरली तरी ३ कोटी रुपये होतात, बाजारात भाव त्याच्या वर असतो तेव्हा अजून जास्त. म्हणजे एमडी साहेबांच्या डोक्यात प्रत्येक खर्चापुढे हा आकडा उभा असतो, मिलवाला येतो तेव्हा तो म्हणतो रोलर बदलला तर बगॅसमधे (चोथ्यात) जाणारी साखर कमी होईल, लगेच कळतं. तुम्ही म्हणालात क्लाउड मायग्रेशन. त्यांना त्याचं काय करायचं ते कळणारच नाही, आणि ते कळून घ्यायची जबाबदारी त्यांची नाही, सांगायची आपली आहे. पुण्यातल्या आयटी कंपनीत आयटी हाच धंदा असतो, तिथे हे भाषांतर करावं लागत नाही, म्हणून तुम्हाला ह्याची सवय नाही, चूक काही नाही त्यात.

आता आयटीनं उतारा वाढतो का? थेट नाही वाढत. पण एक जागा आहे, आणि माझं सगळं सांगणं त्या एका जागेभोवती आहे. तोडल्यापासून गव्हाणीत, म्हणजे मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, पडेपर्यंत ऊस किती तास राहतो. तोडला की उसात साखर वाढत नाही, कमीच होत जाते, ऊस वाळतो, वजन घटतं, सुक्रोज फुटतं आणि जे फुटलं त्याची साखर बनत नाही, जळीत ऊस असेल तर हे अजून झपाट्यानं होतं. चीफ केमिस्टला विचारा, तो तासभर बोलेल ह्याच्यावर. आणि मजा अशी आहे की हा आकडा कुठल्याच खात्याचा नाही. शेती खातं म्हणतं आम्ही ऊस वेळेत तोडला, यार्डात गाड्या तुंबल्या. यार्डवाले म्हणतात मिल बंद होती. मिलवाले म्हणतात शेती खात्यानं एकदम सगळा ऊस पाठवला. प्रोसेसवाले म्हणतात शिळा ऊस आला. सगळे खरं बोलतात आणि कोणाकडे आकडा नसतो. आणि तो आकडा कुठे आहे? तुमच्या सर्व्हरवर. तोडणीच्या स्लिपवर तारीख आहे, नंबर टेकरनं यार्डात गाडीला नंबर दिला ती वेळ आहे, भरकाट्याची (भरलेल्या गाडीच्या वजनाची) वेळ आहे, खाली काट्याची (रिकाम्या गाडीच्या वजनाची) वेळ आहे. चारपैकी तीन नोंदींची वेळ तुमच्याकडे मिनिटापर्यंत आहे, फक्त स्लिपवर तोडीची वेळ नसते, तारीखच असते, ती उणीव मान्य करायची आणि पुढच्या हंगामाला स्लिपवर वेळेचा रकाना टाकायचा.

हंगाम नुकताच संपलाय म्हणजे तुमच्याकडे ताजा डेटा आहे. पुढचे पंधरा दिवस दुसरं काही करू नका. हे तास गटवार (शेती खात्याच्या विभागाप्रमाणे) काढा, दिवस-रात्र वेगळं काढा, बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रक, हार्वेस्टरचा ऊस वेगळा काढा. सरासरी काढून थांबू नका, सरासरीत सगळं लपतं, सगळ्यात वाईट दहा टक्के गाड्या किती तास थांबल्या ते बघा, त्या कुठल्या गटातून आल्या, कुठल्या वारी आल्या. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा आमच्याकडे निघालं की लांबच्या दोन गटातल्या गाड्या संध्याकाळी एकदम यायच्या, कारण त्या रस्त्यावर सकाळी गाड्या भरल्याच जात नव्हत्या, ऊसतोडीच्या टोळ्या दोन दोन मैल चालून फडात पोचत होत्या. हे काय सॉफ्टवेअरचं काम नव्हतं, टोळ्यांच्या खोपी फडाजवळ हलवायचं काम होतं. पण ते कळलं डेटातून, आणि तेव्हापासून शेती अधिकारी माझ्याकडे स्वतःहून यायला लागले.

ह्याच्या पुढचं तुम्हाला जड जाईल पण सांगतो. ह्या आकड्यांचा एक पानाचा कागद करा, पण तो घेऊन एमडींकडे जाऊ नका. मुख्य शेती अधिकाऱ्यांकडे जा. त्यांना आधी दाखवा, त्यांच्या खात्याची जी बाजू चांगली दिसते ती पण दाखवा, चुकीचं काही असेल तर त्यांना दुरुस्त करू द्या, आणि नियोजनाच्या मीटिंगला तो कागद त्यांनाच मांडू द्या. नाव त्यांचं होईल. होऊ द्या. एमडी विचारतील हा आकडा काढला कोणी, आणि पुढच्या मीटिंगला तुम्हाला फोन आधी येईल. आयटीला पण मीटिंगमधे जागा द्या असा अर्ज करून जागा मिळत नाही, मी चार वर्षं असे अर्ज केलेत. ज्याच्याकडे सगळ्यांना लागणारा आकडा असतो त्याला बोलवावंच लागतं. आणि अजून एक, जो प्रोजेक्ट धंद्यासाठी आहे त्याचा मालक धंद्यातला माणूस पाहिजे, गाडी थांबण्याचे तास कमी करणं हा शेती अधिकाऱ्याचा प्रोजेक्ट आहे, त्यात आयटी मदत करणार, तो आयटीचा प्रोजेक्ट म्हणून गेला की मेला.

आता बजेटचं. तुम्ही एकाच यादीत दोन प्रकारचे खर्च घातलेत. एक, आहे ते चालू ठेवायचा खर्च. दोन, काहीतरी बदलायचा खर्च. हे दोन वेगळे मागा. दुसऱ्याला कारण लागतं, टनात, दिवसात, उताऱ्यात, किंवा व्याजात. पहिल्याला कारण मागितलं तर आपण अडकतो, कारण यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्यानं उतारा वाढत नाही हे खरंच आहे. पण कारखान्यात एक गोष्ट अशी आहे जिला कोणी कारण विचारत नाही, ओव्हरहॉलिंग. हंगाम संपला की मिलचे रोलर उघडायचे, बॉयलरच्या ट्यूब बघायच्या, टर्बाइन, पंप, व्हॉल्व्ह सगळं खोलायचं, ह्याला कोणी म्हणत नाही की गेल्या वर्षी केलं होतं ना. तर तुमचा पहिला खर्च आयटी बजेट म्हणून मागूच नका, ओव्हरहॉलिंगच्या यादीत टाका. काट्यावरचे पीसी, इंडिकेटरची केबल, यूपीएस, सर्व्हरचा बॅकअप घेऊन तो परत उभा करून बघणं, यार्डापासून काट्यापर्यंतची फायबर, हे सगळं बॉयलरच्या खाली एका ओळीत लिहायचं, चीफ इंजिनिअरची सही घ्यायची. तुमच्या काट्यावरचे पीसी अजून विंडोज १० वर असतील असा माझा अंदाज आहे, बहुतेक ठिकाणी तसंच आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे 'सिक्युरिटी कम्प्लायन्स' म्हणून सांगितलं तर झोप येते. झिजलेला रोलर म्हणून सांगा.

आणि सोबत हा हिशोब द्या. एका गाडीत १६ टन धरले तर दिवसाला ४७० गाड्या, प्रत्येकीचं दोनदा वजन, म्हणजे ९४० वजनं, साधारण दर दीड मिनिटाला एक. काट्याचं सॉफ्टवेअर ४० मिनिटं बंद पडलं तर दोनशे टन ऊस काट्याच्या अलीकडे उभा राहतो, आणि गव्हाण रिकामी राहिली तर बॉयलरचं प्रेशर, कोजनची वीज सगळं हलतं. सर्व्हर अपटाइम ९९.५ टक्के हे कोणाला कळत नाही, दोनशे टन सगळ्यांना कळतं. गेल्या हंगामात काटा किती वेळा बंद पडला, किती मिनिटं, हे तुमच्याकडे लिहिलेलं नसेल तर काट्यावरच्या क्लार्कच्या वहीत असेल, त्याला चहा पाजा आणि वही मागा.

धंदा पळाला आणि आयटी मागे राहिली तर काय होतं हे एमडींना सांगायला एक मोठं उदाहरण आहे, सगळ्यांना माहीत असलेलं. २४ एप्रिल २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन नवे ग्राहक घ्यायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला बंदी केली, कारण असं दिलं होतं की बँक ज्या वेगानं वाढली त्या प्रमाणात तिची आयटी यंत्रणा वाढवली नाही. ती बंदी उठायला १२ फेब्रुवारी २०२५ उजाडला, जवळपास दहा महिने. त्याच्या आधी डिसेंबर २०२० मधे एचडीएफसी बँकेवर पण अशीच बंदी आली होती. तुमच्या कारखान्यावर रिझर्व्ह बँक येणार नाही, पण गाळप क्षमता पाच हजारावरून साडेसात हजार झाली असेल तेव्हा काटे किती वाढले, यार्डातलं नेटवर्क वाढलं का, की पाच हजाराच्याच सेटअपवर अडीच हजार टन जास्त ओढताय? विस्तारवाढीच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधे मिल, बॉयलर, इव्हॅपोरेटर सगळं असतं, संगणक विभागाची एक ओळ नसते. पुढच्या विस्तारवाढीच्या वेळी ती ओळ असली पाहिजे, हे नियोजन जुळणं.

उलटं पण होतं, आयटी पुढे पळते आणि धंदा तोंडघशी पडतो, आणि हे माझ्याकडून झालंय म्हणून सांगतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. ऊस बिलाचं नवीन पॅकेज आलं होतं, उन्हाळ्यात चालू करायचं होतं, लांबत लांबत दिवाळी आली, बॉयलर पेटला होता, आणि मी म्हणालो होईल. पहिल्या पंधरवड्याच्या बिलात सोसायटीची कर्जकपात काही गटांमधे दोनदा झाली. हजाराच्या वर शेतकऱ्यांच्या खात्यावर कमी पैसे गेले. गट ऑफिसवर लोक आले, त्यात एक म्हातारे गृहस्थ होते, नातीच्या लग्नाचं मांडववाल्याला द्यायचं होतं, त्यांनी शिवी पण दिली नाही, फक्त बिल माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले बघा बरं साहेब. चीफ अकाउंटंटची माणसं तीन रात्री हातानं लेजर जुळवत बसली. ते बिल मला अजून आठवतं. तेव्हापासून माझा नियम, बॉयलर अग्निप्रदीपन झालं की सॉफ्टवेअरला हात नाही, जे बदलायचं ते ऑगस्टच्या आत, सप्टेंबरमधे गेल्या हंगामाचा एक अख्खा पंधरवडा नवीन सिस्टीमवर परत चालवून बिल रुपयाला रुपया जुळवायचं. नाही जुळलं तर जुन्यावर हंगाम काढायचा, कोण काय म्हणेल ते म्हणो.

नंतर मला कळलं की आमच्याच गोड धंद्यातल्या एका फार मोठ्या कंपनीनं हेच केलं होतं. अमेरिकेतली हर्शी, चॉकलेटवाली. ११.२ कोटी डॉलरची सिस्टीम, चार वर्षांचं काम अडीच वर्षात बसवायला घेतलं, आणि चालू झालं जुलै १९९९ मधे, म्हणजे त्यांच्या हॅलोविनच्या ऑर्डरी यायच्या वेळेला, त्यांचा तो सगळ्यात मोठा सीझन. माल गोडाऊनला पडून होता आणि ऑर्डरी पाठवता येत नव्हत्या, साधारण १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी अडकल्या. सॉफ्टवेअर वाईट होतं असं नाही, ते नंतर नीट चाललं. चुकला तो महिना. आपल्याकडे तर हंगाम ठरलेला आहे, मंत्री समिती तारीख ठरवते, २०२४ ला १५ नोव्हेंबर होती, २०२५ ला १ नोव्हेंबर, म्हणजे पंधरा दिवस अलीकडे आली, आणि तुमच्या रोडमॅपमधे 'तिसरी तिमाही - ईआरपी गो-लाइव्ह' असं लिहिलं असेल तर ते पान फाडून टाका. तुमची तिमाही वेगळी आहे.

तुमचं वर्ष लागण नोंदीपासून, म्हणजे ऊस लावल्याच्या नोंदीपासून सुरू होतं. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, उसाच्या ह्या प्रकारांच्या नोंदी हाच कारखान्याचा खरा बिझनेस प्लॅन आहे, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. नोंदीवरून ऊस किती येणार ते ठरतं, त्यावरून किती दिवस गाळप, त्यावरून किती टोळ्या लागणार, त्यांना किती उचल (आगाऊ रक्कम) द्यायची, त्यासाठी बँकेकडून किती कर्ज घ्यायचं. नोंद फुगली तर टोळ्या जास्त केल्या जातात, उचल अडकते, वसूल होत नाही. टोळीच्या एकाच मुकादमानं दोन कारखान्यांची उचल घ्यायची आणि हंगामाला तिसरीकडेच जायचं हे सगळ्यांना माहीत आहे, एमडींच्या झोपेचं खोबरं कशानं होतं ते विचाराल तर हे पहिल्या तीनात असेल. मग तुमच्या मनुष्यबळातला सगळ्यात हुशार मुलगा कुठे पाहिजे? डॅशबोर्डवर नको. गेल्या पाच वर्षांची टोळीवार उचल, त्या टोळीनं आणलेला ऊस आणि राहिलेली येणेबाकी एका तक्त्यात आणायच्या कामावर पाहिजे, आणि तो तक्ता करार होण्याच्या आधी शेती अधिकाऱ्यांच्या हातात पाहिजे, करार झाल्यावर त्याचा उपयोग शून्य. नोंदीचं पण तेच, जीपीएसनं क्षेत्र मोजायचा विषय असेल तर तो लागणीच्या वेळी, डिसेंबरमधे मोजून काय करणार.

आणि पैसे द्यायची बाजू. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसात एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, नाहीतर १५ टक्के व्याज. २०२५-२६ ला एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० होती, तोडणी वाहतूक वजा करून तुमच्याकडे ३,००० धरू, एका पंधरवड्याचं बिल पावणेचौतीस कोटींच्या आसपास जातं, त्याचं १५ टक्क्यानं एका दिवसाचं व्याज १ लाख ३८ हजार. तुमच्या सिस्टीममुळे, कपातीच्या याद्या सोसायट्यांकडून उशिरा येतात, फॉरमॅट जुळत नाही, कोणीतरी हातानं एंट्री करतं, ह्यामुळे बिल तयार व्हायला चार दिवस जास्त लागत असतील तर ते साडेपाच लाख आहेत, प्रत्येक पंधरवड्याला. पैसेच नसतील तर बिल लवकर होऊन उपयोग नाही हे मला माहीत आहे, साखर विकली नाही तर पैसे कुठनं येणार. पण मग ते चित्र तरी स्पष्ट होतं, उशीर पैशामुळे झाला की कागदामुळे.

तुम्ही म्हणता निर्णय झाल्यावर फोन येतो. ह्यात एमडींचा दोष नेहमी नसतो, वरूनच तसं येतं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, हंगाम ऐन भरात, आठवड्याभरात परत थोडी सूट दिली. ज्यांनी रसावर प्लॅन केला होता त्यांचं डिस्टिलरीचं, साखरेच्या स्टॉकचं, कॅशचं सगळं गणित एका रात्रीत बदललं. एफआरपीचं बघा, फेब्रुवारी २०२२ मधे राज्यानं दोन टप्प्यात द्यायचा निर्णय काढला, मार्च २०२५ मधे मुंबई हायकोर्टानं तो रद्द केला, बिलाचं सॉफ्टवेअर दोन्ही वेळा बदला. आता साखर नियंत्रण आदेश २०२५ आला, त्यात कारखान्याची ईआरपी केंद्राच्या अन्न विभागाच्या सिस्टीमला जोडायचं आहे. म्हणून नियोजन जुळवणं हे एकदा प्रेझेंटेशन करून होत नाही. मी काय करायचो, दर वर्षी जूनमधे चीफ अकाउंटंट, चीफ केमिस्ट आणि डिस्टिलरी मॅनेजर ह्यांच्यापुढे एकच प्रश्न ठेवायचो, यंदा सरकार कशात बदल करेल असं तुम्हाला वाटतं? तिघं मिळून चार-पाच गोष्टी सांगायचे, त्यातल्या दोन तरी व्हायच्याच. मग तेवढ्या जागा सॉफ्टवेअरमधे मोकळ्या ठेवायच्या, दर, टप्पे, टक्केवारी हे कोडमधे ठोकून बसवायचं नाही, मास्टरमधे, म्हणजे सहज बदलता येईल अशा वेगळ्या तक्त्यात ठेवायचं. आठ दिवसाचं काम मग एका दुपारचं होतं. व्हेंडरशी करार करताना पण हे लिहून घ्या, नाहीतर प्रत्येक बदलाचं वेगळं बिल येतं.

ॲप. ते कोणी उघडत नाही कारण त्यात वजन आणि बिल दिसतं, ते तर एसएमएसवर येतंच. शेतकऱ्याला एकच गोष्ट पाहिजे, माझी तोड कधी येणार. मी कुठल्याही गावात गेलो तरी हेच विचारतात, अजून विचारतात. ते तुमच्या ॲपमधे का नाही? तुम्हाला येत नाही म्हणून नाही. तोडणीची पाळी उघड दाखवायची की नाही हे संचालक मंडळानं ठरवलेलं नाही म्हणून. कोणाची पाळी मधेच वर गेली हे अख्ख्या गावाला मोबाइलवर दिसणार, ते चालणार आहे का, हा त्यांचा प्रश्न आहे. तो निर्णय नाही तोपर्यंत ॲपवर एक रुपया घालू नका. हा विषय चेअरमन साहेबांपुढे मांडायचा असेल तर अडवणूक म्हणून मांडू नका, एका गटात प्रयोग करू म्हणा, जिथला गटप्रमुख सरळ आहे आणि पाळी लागण तारखेप्रमाणे चालते तिथे. मला मनापासून वाटतं की कारखान्याच्या आयटीनं सभासदासाठी एक गोष्ट करायची असेल तर ती हीच आहे, मला माझ्या नोकरीत ती जमली नाही.

एआयला नाही म्हणू नका. चेअरमन साहेबांनी बारामतीचा ऊस आणि एआयचा प्रयोग बघितला किंवा ऐकला असेल, आणि तो बघण्यासारखा आहेच. फक्त विचारा, साहेब, ह्यातून कुठला निर्णय आपण वेगळा घेणार? खत-पाण्याचा असेल तर तो सभासदाचा निर्णय आहे, ऊसविकास विभागाचं काम. कुठला प्लॉट आधी तोडायचा हा असेल तर तो आपला आहे, पक्व ऊस आधी आला तर उतारा वाढतो, म्हणजे परत एमडींच्याच प्रश्नावर आलो. पण त्यासाठी लागण तारीख, उसाची जात आणि जमिनीचा गट नंबर खरे पाहिजेत, आणि तुमच्या नोंदीत ते किती टक्के खरे आहेत हे आधी दोनशे प्लॉट फिरून बघा. तो आकडा चेअरमन साहेबांना दाखवला की ते स्वतःच म्हणतील आधी नोंदी नीट करा.

क्लाउडचं मी काही बोललो नाही. कारण तो तुमचा तांत्रिक निर्णय आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, जमेल तेव्हा जमेल तसा करा, त्यासाठी बोर्डाचा वेळ घेऊ नका.

पुण्याचं विचारलंत. वडिलांची तब्येत, घर, हे तुमचं तुम्हाला माहीत, त्यात मी पडत नाही. कामापुरतं सांगतो, आत्ता जाऊ नका, कारण आत्ता एप्रिल आहे आणि पुढचे पाच महिने हेच तुमचे आहेत. ह्या महिन्यात गाडीच्या तासांचा कागद, मे मधे टोळीवार येणेबाकीचा तक्ता, आणि ओव्हरहॉलिंगची यादी चीफ इंजिनिअरकडे जायच्या आत तुमच्या ओळी त्यात. शेती अधिकारी कोण आहेत, कसे आहेत हे तुम्ही लिहिलं नाही. ते कागद बघून म्हणाले की हे तुमचं काम नाही, तर मला परत लिहा, तेव्हा चीफ केमिस्टच्या बाजूनं कसं जायचं ते सांगेन, त्यांना शिळ्या उसाचा त्रास सगळ्यात जास्त होतो.

स्लिपवरची वेळ मात्र विसरू नका. तो रकाना आत्ता छापखान्यात सांगितला नाही तर स्लिपबुकं जुनीच छापून येतील.